लखनौला नर्सिंग असिस्टंट व्हायला निघालेल्यांसाठी

बारावीला बायॉलॉजी होतं, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४० पडले, रॅलीत पळालात, मेडिकल निघालं, आणि आता लखनौच्या आर्मी मेडिकल कॉर्प्स सेंटरचं बोलावणं हातात आहे. साताऱ्याची, कोल्हापूरची, बुलढाण्याची पोरं या टप्प्यावर एकच विचारतात, आधीपासून काय वाचू? काही वाचू नका. पुस्तकं तिथे मिळतात आणि उस्ताद ती पाठ करून घेतात. निघण्याआधीचे दोन महिने पायांवर घालवा.

कारण सुरुवातीचा काळ सगळ्या फौजेसारखाच असतो. पीटी, ड्रिल, हत्यार, बूट. सुई आणि पट्टी त्यानंतर येते. या काळात जे मागे पडतात, ते बहुतेक अभ्यासामुळे नाही, पाय गेल्यामुळे. मागे पडलेल्याला मागच्या बॅचमध्ये ढकलतात, त्याला रेलिगेट होणं म्हणतात, आणि त्या भीतीपोटी पोरं दुखणं लपवतात.

फोडाचं सोपं आहे. तो येण्याआधी त्या जागी चटका लागल्यासारखं होतं. तेव्हाच मोजा काढून कापडी चिकटपट्टी लावली तर फोड येतच नाही. आलाच आणि मोठा, ताणलेला असला, तर स्पिरिटने जागा पुसून निर्जंतुक सुईने कडेला, अगदी बुडाशी टोचायचं, पाणी दाबून काढायचं आणि वरची कातडी तशीच राहू द्यायची. ती कातडी हीच सगळ्यात चांगली पट्टी. हौसेने ती सोलून काढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बूट चढवता येत नाही. नखं सरळ कापा, कोपरे गोल करू नका. मोजे रोज धुतलेले आणि पूर्ण वाळलेले हवेत. डिसेंबरात लखनौला धुकं असतं, मोजे वाळत नाहीत, म्हणून तीन नव्हे, सहा जोड न्या.

नडगीचं दुखणं मात्र नीट ओळखायला शिका, कारण पुढे पलटणीत हेच तुम्हाला रोज बघायचंय. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्ट्यात दुखतं, पळायला सुरुवात केली की दुखतं आणि अंग तापलं की कमी होतं, तर ती साधी सूज. विश्रांतीने जाते. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेवर दाबलं की कळ मस्तकात जाते, पळताना वाढतच जाते आणि रात्री पडल्यावरही ठणकते, तर हाडाला चीर असण्याचा संशय घ्यायचा. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो. "एक्स-रे नॉर्मल आहे, नाटक करतोय" हे वाक्य पुढे तुमच्या तोंडी येऊ देऊ नका. चीर असताना पळत राहिलेल्याचं हाड पूर्ण मोडतं, आणि मग काही आठवड्यांची विश्रांती काही महिन्यांवर जाते.

उन्हाळ्यात गेलात तर लखनौचं ऊन मे-जूनला ४० च्या वर असतं. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, एका ग्लासाचं नव्हे. घट्ट केलेलं ओआरएस उलट आतड्यात पाणी ओढून घेतं. नुसतं पाणी पीत सुटणंही वाईट. रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळतो, आणि बघणारा त्याला ऊन लागलंय समजून आणखी पाणी पाजतो. खरा उष्माघात म्हणजे अंगाचं तापमान ४० च्या पुढे आणि जोडीला भान हरपलेलं. त्याला आधी थंड करायचं, मग हलवायचं. गाडीची वाट बघत सावलीत झोपवून ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाण्याचा हौद असेल तर डोकं वर धरून अंग बुडवा. नसेल तर बर्फाच्या पाण्यातले टॉवेल मान, काख, जांघ आणि पोटावर ठेवा आणि कोमट झाले की बदलत राहा. काखेतलं थर्मामीटर इथे फसवतं, तापमान गुदद्वारातूनच घ्यायचं. ३९ च्या खाली आलं की थांबा, नाहीतर तो थरथरायला लागतो.

ट्रेड ट्रेनिंग सुरू झालं की सगळ्यांना टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, हवं असतं. त्याआधी तुमच्या हातात पाणी तपासायची पेटी येते आणि तोंडं वाकडी होतात. पण युनिटमध्ये एमआय रूम, म्हणजे युनिटचा छोटा दवाखाना, सांभाळायला लागलात की शेकडो माणसांचं पोट तुमच्या क्लोरीनवर असतं. म्हणून पाण्यात किती ब्लीचिंग पावडर टाकायची हे सांगणारी हॉरॉक्स टेस्ट वरवर उरकायची नाही.

पेटीत सहा पांढरे कप, एक काळा कप, दोन चमचे, ढवळायच्या सात काड्या, पिपेट, ड्रॉपर आणि स्टार्च-आयोडाइडची बाटली असते. चमचा काठोकाठ सपाट भरला की त्यात २ ग्रॅम ब्लीचिंग पावडर मावते. सपाट म्हणजे सपाट, शीग नको. तो एक चमचा काळ्या कपात घ्या, थोड्या पाण्यात पातळ लगदा करा, आतल्या खुणेपर्यंत पाणी भरून जोरात ढवळा आणि बसू द्या. पांढऱ्या कपांत ज्या पाण्याची परीक्षा आहे ते काठापासून एक सेंटीमीटर खाली येईल इतकं भरा. काळ्या कपातल्या वरच्या नितळ पाण्याचा पिपेटने पहिल्या कपात १ थेंब, दुसऱ्यात २, असं सहाव्यात ६. प्रत्येक कपाला वेगळी काडी. अर्धा तास थांबा. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे ३ थेंब टाका आणि ढवळा. ज्या पहिल्या कपात स्पष्ट निळा रंग येईल, त्याचा आकडा म्हणजे ४५५ लिटर पाण्याला लागणारे सपाट चमचे. तिसरा कप निळा झाला तर ३ चमचे, ६ ग्रॅम.

बिघडतं कुठे? पहिली गोष्ट, घाई. दहाव्या मिनिटाला थेंब टाकले की पहिलाच कप निळा दिसतो, तुम्ही एक चमचा टाकता, आणि अर्ध्या तासात पाण्यातल्या घाणीने तो क्लोरीन खाऊन टाकलेला असतो. दुसरी, काडी एकच वापरणं. सहाव्या कपातली काडी पहिल्यात गेली की हिशेब संपला. तिसरी, पावडर वेगळ्या डब्यातली. ताज्या पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो, उघड्या डब्यात तो उडत जातो. म्हणून टाकीत जी पावडर पडणार, टेस्ट त्याच डब्यातल्या पावडरीने करायची. एकही कप निळा झाला नाही तर सहा चमचे टाकून मोकळं होऊ नका. पाणी गढूळ आहे किंवा पावडर मेलेली आहे. गाळून, नवा डबा उघडून पुन्हा सुरुवात करा. फिकट निळ्यावर "झालं की" म्हणणारा गडी प्रत्येक बॅचमध्ये एक असतोच.

आता रक्ताकडे येऊ. जखमी जवानाकडे बघण्याचा क्रम आता जगभरच्या फौजा साधारण एकच शिकवतात आणि तो इंग्रजी "मार्च" या शब्दाच्या पाच अक्षरांत बसवलेला आहे. आधी जोराचा रक्तस्राव, मग श्वासाची वाट, मग छाती, मग रक्ताभिसरण, शेवटी थंडी आणि डोक्याची इजा. शाळेत शिकलेलं "आधी श्वास" इथे उलटं होतं, कारण मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. गोळीबार चालू असेल तर त्या वेळी उपचार म्हणजे एवढंच: जखमीला आडोशाला घ्या, हातापायातून रक्त उसळत असेल तर टूर्निकेट घाला, बाकी सगळं नंतर.

गोळीबारात टूर्निकेट कपड्यावरूनच, हाताच्या किंवा पायाच्या शक्य तितक्या वरच्या टोकाला बांधतात. आडोशाला आल्यावर कपडे कापून जखमेच्या पाच ते सात सेंटीमीटर वर, सांध्यावर नव्हे. मांडीवर बांधताना खिशात मोबाईल, पाकीट, मॅगझिन आहे का ते चाचपा. पट्टा त्याच्यावर चढला तर दाब धमनीवर येत नाही.

नव्या हातांची खरी चूक पट्टा आवळणारी दांडी फिरवताना नाही, त्याच्या आधी होते. पट्टा ढिला ठेवतात आणि ढिलेपणा दांडीने भरून काढायला बघतात. पट्टा आधी इतका खेचायचा की खाली तीन बोटं शिरू नयेत. मग दांडी. साधारण तीन वेढ्यांत काम झालं नाही तर पट्टा ढिला होता असं समजा, सोडा, पुन्हा खेचा. रक्त थांबलं पाहिजे आणि पुढची नाडी लागता कामा नये. अर्धवट आवळलेलं टूर्निकेट नुसत्या नीला बंद करतं. धमनीतून रक्त जात राहतं, परत यायची वाट बंद, म्हणून रक्तस्राव वाढतो. एकाने थांबत नसेल तर पहिलं न काढता त्याच्या शेजारी वरच्या बाजूला दुसरं.

जखमी ओरडेल. टूर्निकेट गोळीपेक्षा जास्त दुखतं असं जखमी सांगतात. त्याच्या ओरडण्याने सैल करायचं नाही, आणि "पायाला जरा रक्त मिळू दे" म्हणून मधून मधून सोडायचं तर मुळीच नाही. ती जुनी शिकवण अजून काही जणांच्या डोक्यात आहे. वेळ लिहा. दोन तासांच्या आत ते काढून दाबपट्टीवर आणता येतं का याचा विचार होतो, सहा तासांनंतर ते हॉस्पिटलबाहेर कुणीही काढत नाही. दोन्ही निर्णय त्या लिहिलेल्या वेळेवर चालतात.

सराव डाव्या हाताने करा, अंधारात करा, हाताला साबण लावून करा, कारण रक्त निसरडं असतं. सरावाचं टूर्निकेट वेगळं ठेवा. रोज आवळून पट्टा आणि दांडी थकतात आणि नेमकी ड्यूटीवर मोडतात.

जांघेत, काखेत टूर्निकेट बसत नाही. तिथे जखम गॉजने ठासून भरायची. बोट आत घालून रक्त कुठून उसळतंय ती जागा शोधा, बोट तिथेच दाबून ठेवा, आणि दुसऱ्या हाताने गॉज बोटाखाली सरकवत जा. दाब एक क्षणही सुटू नये. भरून झालं की रक्त गोठवणाऱ्या गॉजवर तीन मिनिटं, साध्या गॉजवर निदान दहा मिनिटं, घड्याळ लावून, अंगाचा भार टाकून दाबा. मधे उचलून बघितलंत की घड्याळ पुन्हा शून्यावर. छाती आणि पोटात असं गॉज भरत नाहीत.

छातीत भोक असेल तर हवाबंद पट्टी, आणि लगेच पाठ, काख, मानेचा खालचा भाग हाताने चाचपायचा. गोळी आत गेलेली जागा दिसते, बाहेर पडलेली गणवेशाखाली लपते. पट्टी लावल्यावर श्वास आणखी लागायला लागला तर आधी पट्टीची एक कड उचलून हवा जाऊ द्या. तेवढ्याने भागलं नाही तर छातीत सुई घालावी लागते. ती १४ नंबरची, ८ सेंटीमीटर लांब, आणि नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला घासून, कारण रक्तवाहिन्या प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने जातात. हे काम कुणी, केव्हा करायचं ते तुमचे आरएमओ, म्हणजे युनिटचे डॉक्टर, ठरवतील. जागा मात्र डोळे मिटून सापडली पाहिजे.

सलाईनची सुई सगळ्यांना आवडते आणि इथेच सगळ्यात जास्त पोरं रडकुंडीला येतात. रंग पाठ करा: १४ नारिंगी, १६ करडा, १८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा. आकडा वाढला की सुई बारीक. पंधरा ते तीस अंशांच्या कोनात सुई घाला, मागच्या कप्प्यात रक्त दिसलं की लगेच नळी ढकलू नका. त्या क्षणी फक्त सुईचं टोक शिरेत असतं, नळी अजून बाहेर. कोन कमी करा, आणखी दोन मिलीमीटर आत जा, मग सुई स्थिर धरून नळी सरकवा. शिरेत जाऊन फुगा का येतो याचं उत्तर दहातल्या आठ वेळा हेच. सुई मागे घेतल्यावर परत नळीत घालू नका, नळी आतून कापली जाते आणि तुकडा रक्तात जातो. सुई काढण्याआधी दंडाचा पट्टा सोडा, नाहीतर चादर रंगते आणि सिस्टर ओरडतात. स्वतःला सुई टोचली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका आणि त्याच मिनिटाला सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी दोन तासांत मिळाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. रगडा, म्हणजे शिक्षा, लागेल म्हणून गप्प बसणं इथे परवडत नाही.

सुई जमली म्हणून प्रत्येक जखमीला बाटली लावू नका. मनगटाची नाडी लागतेय, माणूस नीट बोलतोय, तर बाटलीची घाई नाही. भसाभस सलाईन ओतल्याने रक्त पातळ होतं, अंग थंड पडतं आणि धरलेली गुठळी सुटते. थंड पडलेल्या अंगात रक्त गोठत नाही, म्हणून जून महिन्यातही जखमीला घोंगडी लागते, अंगाखाली आधी, अंगावर नंतर. रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड द्यायचं तर इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत. म्हणून इजेची वेळही लिहायची.

पोस्टिंग डोंगरात मिळालं तर शब्द बदलतात: हापो म्हणजे उंचीवर फुफ्फुसात पाणी होणं, हाको म्हणजे मेंदूला सूज, चिलब्लेन म्हणजे थंडीने सुजलेली, खाजणारी बोटं. १९६२ च्या युद्धात माणसं घाईने उंचीवर गेली, आणि त्या आजारांवरचं आपल्याच डॉक्टरांचं काम जगभर वाचलं गेलं. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये १,९२५ जवानांवरचा अभ्यास छापला. आजचं वेळापत्रक असं: ९,००० ते १२,००० फुटांवर ६ दिवस, १५,००० पर्यंत आणखी ४, त्यापुढे आणखी ४. पहिले २ दिवस आराम, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दीड ते तीन किलोमीटर सावकाश चालणं, पाचव्या-सहाव्या दिवशी ५ किलोमीटरपर्यंत चालणं आणि ३०० मीटरपर्यंत चढ. तुमचं काम हे वेळापत्रक पाळून घेणं. सगळ्यात अवघड कोण? नवखा नव्हे. महिनाभर गावी राहून विमानाने लेहला उतरलेला जुना जवान, जो म्हणतो "मी दोन वर्षं इथेच काढलीत". त्याच्या शरीराने खाली राहून उंची विसरलेली असते.

हापोचा माणूस आधी चालताना मागे पडतो, मग कोरडा खोकला, मग बसल्या जागी धाप. गुलाबी फेस ही शेवटची खूण, त्याची वाट बघायची नाही. हाकोचा माणूस दारू प्यायल्यासारखा चालतो. जमिनीवर रेघ मारा, टाचेला अंगठा लावून चालायला सांगा, तोल गेला की कळवा. दोन्हींवर ऑक्सिजन द्या आणि खाली उतरवा. आजाऱ्याला आत झोपवून फुगवायची हापो बॅग वेळ विकत घेते, आजार बरा करत नाही. गोठलेली बोटं चोळायची नाहीत, शेकोटीवर धरायची नाहीत. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात अर्धा तास, तेही पुन्हा गोठणार नाहीत अशी खात्री असेल तरच. एकदा वितळून परत गोठलेलं बोट बहुधा जातंच.

स्ट्रेचर उचलताना महिनोन्महिने घोटलेली ड्रिल विसरा. चौघांची पावलं जुळली की स्ट्रेचर झुलतो, म्हणून इथे मुद्दाम पाऊल मोडून चालायचं. सपाटीवर आणि उतारावर पाय पुढे, चढावर डोकं पुढे.

भाषेचं एक. शिकवणी हिंदीत असते, जखमी मात्र स्वतःच्या भाषेत कण्हतो. दुखण्याचा शब्द तेवढा चार-पाच भाषांत येऊ द्या: तमिळमध्ये वली, तेलुगूत नोप्पी, कन्नडमध्ये नोवु, पंजाबीत पीड. गोरखा जवान "दुख्यो" म्हणतो, तो मराठी माणसाला न शिकवता कळतो.

डाव्या दंडावरच्या लाल क्रॉसचा अर्थ १९४९ च्या जिनिव्हा करारांत आहे. तुमच्याकडचं हत्यार स्वतःच्या आणि जखमींच्या बचावापुरतं, आणि जखमींचा क्रम जखमेवरून लागतो, गणवेशावरून नाही. समोरच्या बाजूचा जखमी जास्त गंभीर असेल तर आधी तो. आणि जो सगळ्यात मोठ्याने ओरडतोय त्याची श्वासाची वाट मोकळी आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जा.

मॉर्फिनबद्दल नीट समजून घ्या. थंड पडलेल्या, नाडी मंद झालेल्या जखमीच्या स्नायूत टोचलेलं मॉर्फिन तिथेच पडून राहतं. वेदना कमी होत नाही म्हणून कुणीतरी दुसरं देतो. पुढे एडीएसला, म्हणजे मागच्या उपचार केंद्रावर, त्याला ऊब मिळते, रक्त फिरायला लागतं, दोन्ही डोस एकदम चढतात आणि श्वास थांबतो. म्हणून मात्रा आणि वेळ कार्डावर लिहायचीच, आणि कार्ड हरवतं म्हणून कपाळावरही: टूर्निकेटला टी, मॉर्फिनला एम, पुढे वेळ. पाण्याने न जाणारा मार्कर पिशवीत नाही, छातीच्या खिशात ठेवा.

पिशवी परत आल्यावर त्याच रात्री भरायची, आंघोळीच्या आधी. वापरलेलं टूर्निकेट आत ठेवायचं नाही. नव्याचं प्लास्टिक काढून, पट्टा ओवून, एका हाताने ओढता येईल असं घडी करून वरच्या कप्प्यात. एफएफडीचं, म्हणजे जखमेवरच्या पहिल्या पट्टीचं, पाकीट कुठे फाटलंय का ते बोट फिरवून बघा. कात्रीला रक्त राहिलं की गंज धरते आणि बिजागरी अडते, म्हणून ती धुऊन तेलाचा एक थेंब. सगळ्यात खाली घोंगडी, सगळ्यात वर हातमोजे. शेवटी दिवा बंद करून प्रत्येक वस्तू एकदा हाताने शोधून काढा. जी दहा सेकंदांत सापडली नाही, तिची जागा बदला.